मिश्रपोलादाचे पेटंट आणि सहजस्पष्टतेची कसोटी

१ जानेवारी २००५ हा दिवस भारतीय पेटंट कायद्याच्या अभ्यासात बहुधा औषधांच्या संदर्भात सांगितला जातो. त्या दिवसापासून औषधांवर उत्पादन-पेटंट मिळण्याचा मार्ग खुला झाला, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. मात्र पेटंट कायदा, १९७० मधील जे कलम ५ त्या दिवसापासून वगळण्यात आले, त्यात अन्न व औषधांबरोबर रासायनिक प्रक्रियेने तयार होणारे पदार्थही होते आणि त्यांत मिश्रधातूंचा स्पष्ट उल्लेख होता. म्हणजेच २००५ पूर्वी भारतात मिश्रधातू तयार करण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळू शकत असे. परंतु खुद्द मिश्रधातूवर, त्याच्या घटकांच्या प्रमाणावर, मक्तेदारी मिळत नसे. आज ती मिळू शकते. त्यामुळे 'अमुक टक्के कार्बन, तमुक टक्के तांबे' अशा दाव्याला पेटंट द्यावे की नाही, हा प्रश्न देशातील प्रत्येक पोलाद कारखान्याशी निगडित झाला आहे.

सामान्य अध्ययनाच्या अभ्यासक्रमात बौद्धिक संपदा हक्क हा विषय समाविष्ट आहे. पेटंटच्या तीन मूलभूत अटी, म्हणजे नावीन्य, शोधकतेचे पाऊल आणि औद्योगिक उपयुक्तता, पाठ करणे सोपे असते. त्यांपैकी दुसरी अट प्रत्यक्षात कशी तपासली जाते, हे समजण्यासाठी भिलाईच्या रुळांचे पोलाद हे उत्तम उदाहरण आहे.

भिलाई आणि रुळांचे पोलाद

छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यातील भिलाई पोलाद कारखाना १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. १९६० मध्ये रूळ व अवजड आकारांची गिरणी सुरू झाली आणि तेव्हापासून भारतीय रेल्वेच्या रुळांचा प्रमुख पुरवठादार म्हणून भिलाईची ओळख आहे.

रुळाचे पोलाद हे प्रामुख्याने कार्बन व मँगनीज यांचे पोलाद होय. दीर्घकाळ प्रचलित राहिलेल्या ८८० श्रेणीच्या रुळात कार्बन सुमारे ०.६० ते ०.८० टक्के आणि मँगनीज ०.८० ते १.३० टक्के असते. ८८० हा आकडा किमान ताणबल दर्शवितो. त्याचे एकक मेगापास्कल आहे. लखनौ येथील आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन व मानक संस्था रुळांची विनिर्देशने ठरवते आणि ती प्रसिद्ध होतात.

रुळांना गंजाचा मोठा उपद्रव होतो. किनारी प्रदेशातील दमट, क्षारयुक्त हवा आणि पूर्वी डब्यांच्या शौचालयांतून मार्गावर पडणारे मैलापाणी यांमुळे रुळाचा तळभाग झिजत असे. त्यावर उपाय म्हणून तांबे-मॉलिब्डेनम तसेच निकेल-क्रोमियम-तांबे असलेले रूळ भिलाईत विकसित झाले. अशा प्रत्येक प्रयत्नाबरोबर एक प्रश्न उभा राहतो. नव्या प्रमाणाचे हे पोलाद म्हणजे शोध आहे, की धातुशास्त्राच्या कोणत्याही जाणकाराला सुचली असती अशी सुधारणा?

या उत्तरावर बरेच काही अवलंबून असते. पेटंटची मुदत अर्ज दाखल केल्यापासून २० वर्षांची असते. सामान्य सुधारणेला पेटंट मिळाले, तर इतर कारखान्यांचे अभियंते नेहमीच्या ज्ञानाच्या आधारे जे सहज करू शकले असते, तेच करण्यासाठी त्यांना परवाना घ्यावा लागेल आणि त्याचा भार अखेर रेल्वेवर, म्हणजे जनतेवर पडेल. उलट खऱ्या शोधाला 'यात काय विशेष?' म्हणून नाकारले, तर अनेक वर्षे प्रयोग करणाऱ्या संशोधकांच्या श्रमांचे फळ दुसरा कोणीही उचलून नेईल.

कायदा काय सांगतो?

पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए) मध्ये शोधकतेच्या पावलाची व्याख्या आहे. तिचे दोन भाग आहेत. पहिल्या भागानुसार, उपलब्ध ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, अथवा दोन्ही, असावे लागते. दुसऱ्या भागानुसार, त्या वैशिष्ट्यामुळे शोध त्या विषयातील जाणकार व्यक्तीला सहजस्पष्ट वाटणारा नसावा. हे दोन्ही भाग एकत्र लागू होतात. एखाद्या पोलादात महाग निकेलची बचत झाली, तर आर्थिक महत्त्व सिद्ध होईल; परंतु ती बचत कशी करावी हे जाणकाराला आधीच उमगण्यासारखे असेल, तर केवळ बचतीच्या जोरावर पेटंट मिळणार नाही. परीक्षार्थींकडून नेमकी येथेच गफलत होते.

कलम ३(ई) हेही येथे महत्त्वाचे आहे. ज्या मिश्रणात घटकांच्या गुणधर्मांची केवळ बेरीज होते, असे मिश्रण शोध मानले जात नाही. मिश्रधातूच्या अर्जदाराला म्हणूनच बेरजेपलीकडचा परिणाम दाखवता आला, तर त्याची बाजू भक्कम होते.

या तरतुदींचा न्यायालयीन पाया धातूच्याच एका प्रकरणात सापडतो. 'बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज' या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७८ मध्ये दिला. मिर्झापूरच्या भांडी उद्योगात लेथवर भांडे घट्ट धरून ठेवण्याच्या पद्धतीवर पेटंट घेण्यात आले होते. जुन्याच साधनात केलेला किरकोळ बदल ही कार्यशाळेतील सुधारणा होय, शोध नव्हे, असे सांगून न्यायालयाने ते पेटंट टिकू दिले नाही. निकालातील कसोटीचा आशय असा : संबंधित काळातील सर्वसाधारण ज्ञान असलेला, परंतु पेटंटमधील शोधाची माहिती नसलेला सक्षम कारागीर किंवा अभियंता तीच अडचण घेऊन जुन्या दस्तऐवजापुढे बसला, तर 'मला हवे ते येथे मिळाले' असे तो म्हणेल काय?

दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये 'रोश विरुद्ध सिप्ला' या औषधविषयक प्रकरणात ही तपासणी पाच पायऱ्यांत मांडली. प्रथम विषयातील जाणकार कोण हे ठरवावे. नंतर दाव्यातील शोधकल्पना ओळखावी. तिसऱ्या पायरीवर अग्रहक्क दिनांकास त्या जाणकाराकडे असणारे सर्वसाधारण ज्ञान निश्चित करावे. चौथ्या पायरीवर पूर्वज्ञान व दावा यांतील फरक नोंदवावेत. अखेरीस ते फरक जाणकाराला सहजस्पष्ट होते काय, हे पश्चातबुद्धी टाळून ठरवावे.

केवळ नवे आकडे पुरेसे का नाहीत?

मिश्रधातूंच्या बाबतीत नावीन्याची अट पूर्ण करणे तुलनेने सोपे असते. समजा, पोलादात पाच घटक आहेत आणि प्रत्येकाची दहा प्रमाणे शक्य आहेत. एकूण संयोग १,००,००० होतात. त्यांतील बहुतेक कोणी कधी वितळवून पाहिलेले नसतात. त्यांतील कोणतेही न वापरलेले प्रमाण उचलले, तरी ते काटेकोर अर्थाने 'नवे' ठरते. नावीन्याच्या एकाच अटीवर पेटंट दिले असते, तर पोलादाचे संपूर्ण क्षेत्र आकड्यांच्या कुंपणांनी विभागले गेले असते. शोधकतेच्या पावलाची अट हे टाळण्यासाठी आहे. म्हणून मिश्रधातूच्या दाव्यात विचारावयाचा खरा प्रश्न 'हे आकडे आधी कोणी लिहिले होते काय?' एवढाच नसून 'या आकड्यांमुळे जे घडते, त्याची जाणकाराला अपेक्षा होती काय?' हा आहे.

अमेरिकेतील दोन निकाल हा मुद्दा स्पष्ट करतात. ते भारतात बंधनकारक नाहीत. तथापि तर्क समजण्यास उपयुक्त आहेत. १९८५ च्या 'टायटॅनियम मेटल्स विरुद्ध बॅनर' प्रकरणात टायटॅनियममध्ये ०.६ ते ०.९ टक्के निकेल आणि ०.२ ते ०.४ टक्के मॉलिब्डेनम असलेल्या मिश्रधातूवर दावा होता. गंजरोधकता हा त्याचा गुण अर्जदाराने शोधला होता. परंतु एका रशियन लेखातील आलेखावर ०.७५ टक्के निकेल व ०.२५ टक्के मॉलिब्डेनम असलेला मिश्रधातू आधीच नोंदलेला होता. लेखात गंजाविषयी काहीही नव्हते. तरीही दाव्यातील मिश्रधातू नवा राहिला नाही. जुन्या पदार्थाचा नवा गुण सापडला म्हणून तो पदार्थ नवा होत नाही, हे तत्त्व त्यातून दृढ झाले. ०.८ टक्के निकेल व ०.३ टक्के मॉलिब्डेनम एवढाच मर्यादित असलेला दावाही सहजस्पष्ट ठरला, कारण ज्ञात मिश्रधातूंच्या इतक्या जवळच्या प्रमाणाचे गुणधर्म त्यांच्यासारखेच असणार, अशी जाणकाराची अपेक्षा असते.

२००३ च्या 'पीटरसन' प्रकरणात निकेल-आधारित मिश्रधातूत १ ते ३ टक्के रेनियम व सुमारे १४ टक्के क्रोमियम असा दावा होता. पूर्वीच्या पेटंटमध्ये रेनियम ० ते ७ टक्के आणि क्रोमियम ३ ते १८ टक्के दिलेले होते. ज्ञात व्याप्तीच्या आतील प्रमाण निवडणे हे सकृद्दर्शनी सहजस्पष्ट मानले गेले. २ टक्के रेनियमला बळकटी वाढल्याचा पुरावा अर्जदाराने दिला. पण एका बिंदूचा पुरावा १ ते ३ टक्क्यांच्या संपूर्ण व्याप्तीला पुरेसा नाही, असे न्यायालयाने ठरविले.

एक कल्पित दावा : पायरीपायरीने तपासणी

आता अभ्यासासाठी एक कल्पित दावा घेऊ. 'रुळासाठीचे पोलाद, ज्यात कार्बन ०.६० ते ०.८० टक्के, मँगनीज ०.८० ते १.३० टक्के, सिलिकॉन ०.१० ते ०.५० टक्के, तांबे ०.२० ते ०.४० टक्के, निकेल ०.१० ते ०.२५ टक्के आणि उर्वरित लोह व अटळ अशुद्धी असून ते गंजास अधिक प्रतिकार करते.' असे गृहीत धरू की, या दाव्याच्या अग्रहक्क दिनांकापूर्वी तांबेयुक्त रूळ कोणीही तयार केलेले नव्हते. परीक्षकापुढे तीन गोष्टी आहेत : साध्या रुळाचे विनिर्देशन, तांबेयुक्त संरचना-पोलादावरील लेख आणि धातुशास्त्राचे पाठ्यपुस्तक.

जाणकार कोण? येथे एकटी व्यक्ती अपुरी पडेल. पोलाद वितळवणारा धातुशास्त्रज्ञ, रोलिंगचा अभियंता आणि गंजशास्त्राचा अभ्यासक यांचा गट असा तो जाणकार मानता येईल. हा जाणकार असामान्य प्रतिभेचा नसतो आणि नवशिका उमेदवारही नसतो. तो आपल्या विषयातील वाङ्मय वाचतो, नेहमीचे प्रयोग करतो. मात्र कल्पनेची भरारी घेत नाही.

शोधकल्पना कोणती? गंज रोखण्यासाठी तांबे आणि तांब्यामुळे येणारा दोष टाळण्यासाठी निकेल, ही या दाव्यातील शोधकल्पना होय.

सर्वसाधारण ज्ञान काय होते? पोलादातील थोडेसे तांबे वातावरणातील गंज मंदावते, हे विसाव्या शतकाच्या आरंभापासून ज्ञात आहे. अमेरिकेतील युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीने १९३३ मध्ये 'कॉर-टेन' हे तांबे, क्रोमियम व फॉस्फरस असलेले पोलाद बाजारात आणले आणि ते रेल्वेच्या मालडब्यांसाठी वापरले गेले. तांब्याचा दोषही ज्ञात आहे. भट्टीत तापवताना पृष्ठभागावरील लोह आधी ऑक्सिडाइज होऊन पापुद्रा बनते आणि तांबे त्याच्याखाली साचते. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. रोलिंगपूर्वीचे तापमान त्याहून जास्त असते. वितळलेले तांबे कणसीमांत शिरते आणि रोलिंगमध्ये पृष्ठभागाला तडे जातात. या तप्त-भंगुरतेवर तांब्याच्या सुमारे निम्म्या प्रमाणात निकेल घालणे हा पाठ्यपुस्तकी उपाय आहे.

फरक कोणता? रुळाचे मूळ प्रमाण जुनेच आहे. तांबे संरचना-पोलादातून आले आणि निकेल पाठ्यपुस्तकातून. यापूर्वी या तिन्ही गोष्टी रुळाच्या पोलादात एकत्र आल्या नव्हत्या, हाच काय तो फरक.

हा फरक सहजस्पष्ट होता काय? अर्जदार म्हणेल की, संरचना-पोलादात कार्बन कमी असतो, तर रुळाच्या पोलादाची रचना उच्च कार्बनच्या पर्लाइटची असते. एकाचा अनुभव दुसऱ्याला लागू होईलच असे नाही. आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर पुराव्यातून द्यावे लागते. उच्च कार्बन पोलादात तांबे निरुपयोगी किंवा घातक ठरते, असे त्या काळी कोठे लिहिले होते काय? नसेल, तर गंजाने त्रस्त जाणकार यशाच्या वाजवी अपेक्षेने तांबे वापरून पाहील आणि तडे दिसताच निकेल घालेल. अधिक पुरावा नसल्यास हा दावा सहजस्पष्ट ठरण्याकडेच कल राहील.

दावा केव्हा टिकू शकेल?

याच दाव्यात अर्जदाराने 'क्ष' हा आणखी एक घटक घातला, असे समजू. साध्या रुळाची गंजाने होणारी झीज १०० मानली. केवळ तांब्याने ती ८० होते आणि केवळ 'क्ष' ने ९०. दोन्ही एकत्र घातल्यास बेरजेच्या हिशेबाने झीज ७० च्या आसपास यावी. प्रयोगात ६८ आली, तर ती घटकांच्या गुणांची बेरीजच होय. ती ४० आली आणि दाव्यातील संपूर्ण व्याप्तीत, तिच्या दोन्ही टोकांना, तशीच राहिली, तर परिणाम अनपेक्षित म्हणता येईल. व्याप्तीच्या बाहेर परिणाम नाहीसा होतो, हेही दाखवले पाहिजे. आणि तुलना सर्वांत जवळच्या ज्ञात पोलादाशी झाली पाहिजे, सोयीच्या दुबळ्या नमुन्याशी नव्हे.

दुसरा भक्कम आधार म्हणजे प्रचलित समजुतीच्या विरुद्ध जाणे. याचे अभिजात उदाहरण रुळांवरच दिसते. पोलादात मँगनीज काही टक्क्यांपलीकडे वाढवले की ते ठिसूळ होते, असा एकोणिसाव्या शतकात अनुभव होता. इंग्लंडमधील शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ मध्ये हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास नेले, तेव्हा पोलाद चिवट झाले आणि आघातांनी त्याचा पृष्ठभाग अधिकच कठीण होऊ लागला. १८८३ मध्ये त्यांनी ब्रिटिश पेटंट घेतले. आजही रेल्वेच्या क्रॉसिंगसाठी ओतीव मँगनीज पोलाद वापरले जाते. ४-५ टक्क्यांना ठिसूळपणा दिसल्यावर सामान्य जाणकार मागे फिरला असता. हॅडफील्ड पुढे गेले. शोधकतेचे पाऊल म्हणतात ते हेच.

तिसरा भेद ध्येय आणि साधन यांतील आहे. रुळात विरघळलेला हायड्रोजन आतून सूक्ष्म तडे निर्माण करतो. म्हणून द्रव पोलादातील हायड्रोजन १.६ पीपीएमपेक्षा अधिक नसावा, अशी मर्यादा भारतीय विनिर्देशनात आली. 'हायड्रोजन १.५ पीपीएमहून कमी असलेले रूळ-पोलाद' असा दावा कोणी केला, तर त्याने सर्वांना ज्ञात असलेले ध्येयच लिहून काढले, एवढाच त्याचा अर्थ. निर्वात पात्रात वायू काढून टाकण्याचे तंत्रही ज्ञात आहे. मात्र तेथवर पोहोचण्याची एखादी अनपेक्षित नवी पद्धत सापडली, तर त्या पद्धतीवरील दावा वेगळ्या तोलाचा ठरेल.

व्यापारी यशाचाही पुरावा दिला जातो. परंतु रुळांची मागणी विनिर्देशन, किंमत आणि उत्पादनक्षमता यांवरही ठरते. मोठी मागणी आली ती दाव्यातील वैशिष्ट्यामुळेच आली, हा दुवा जोडला नाही, तर अशा पुराव्याचे वजन कमी राहते.

पश्चातबुद्धीचा धोका

उत्तर माहीत झाल्यावर कोडे सोपे वाटते. परीक्षकासमोर पूर्ण झालेला दावा असतो आणि मागे वळून तांबे येथून, निकेल तेथून असे तुकडे जुळविणे अवघड नसते. म्हणून तुकडे कोठे सापडतात एवढे दाखवणे पुरेसे नाही. जाणकाराने नेमके तेच तुकडे का उचलले असते, याचे कारण दाखवावे लागते. वरील कल्पित दाव्यात ते कारण होते : गंज ही ज्ञात अडचण, तांबे हा ज्ञात उपाय, तडे हा ज्ञात दोष आणि निकेल हे त्याचे ज्ञात औषध. हॅडफील्ड यांच्या बाबतीत असा धागा जुळत नाही, कारण त्या काळचे ज्ञान उलट दिशेला बोट दाखवीत होते.

आक्षेपाची व्यवस्था आणि कारखान्यांची जबाबदारी

अधिकारक्षेत्रानुसार छत्तीसगड हे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात व गोव्याप्रमाणे पेटंट कार्यालयाच्या मुंबई शाखेकडे येते. पेटंट मिळण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती कलम २५(१) नुसार आक्षेप घेऊ शकते. पेटंट मिळाल्याचे प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत हितसंबंधित व्यक्तीला कलम २५(२) चा मार्ग खुला असतो. त्यानंतरही कलम ६४ अन्वये पेटंट रद्द करण्याची मागणी करता येते आणि सहजस्पष्टता हे त्याचे एक कारण आहे. कलम १३(४) नुसार, पेटंट मिळाले म्हणजे ते वैध असल्याची हमी मिळत नाही. बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झाल्यानंतर अपिले उच्च न्यायालयांकडे गेली आहेत.

या आक्षेपांत जगात कोठेही प्रसिद्ध झालेला दस्तऐवज पुरावा ठरू शकतो. रशियन नियतकालिकातील एक आलेखही पुरेसा होतो, हे वर दिसलेच. परंतु कारखान्याच्या कपाटात बंद असलेली हीटची नोंदवही जगाला ज्ञात नसते. अनेक वर्षांचा प्रयोगसिद्ध अनुभव केवळ अंतर्गत नोंदींत राहिला, तर उद्या दुसऱ्या कोणाचा दावा अडविण्यासाठी तो दाखविणे कठीण होईल. ज्या सुधारणांवर पेटंट घ्यावयाचे नाही, त्या तांत्रिक नियतकालिकांत प्रसिद्ध केल्या, तर त्या पूर्वज्ञानाचा भाग बनतात आणि सर्वांना खुल्या राहतात. ज्यांवर पेटंट घ्यावयाचे आहे, त्यांचा अर्ज मात्र प्रसिद्धीपूर्वीच दाखल व्हावा. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला कलम ३१ नुसार १२ महिन्यांची सवलत आहे. तथापि तिच्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही, कारण इतर देशांचे नियम निराळे असू शकतात.

विद्यार्थ्यांनी मिश्रधातूचा कोणताही दावा समोर आल्यास तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. हे प्रमाण ज्ञात व्याप्तीच्या आत किंवा अगदी जवळ आहे काय? असल्यास, संपूर्ण दाव्याला पुरेल असा अनपेक्षित परिणाम तुलनात्मक चाचण्यांनी दाखविला आहे काय? आणि त्या काळचे ज्ञान जाणकाराला या दिशेने नेत होते, की तिच्यापासून परावृत्त करीत होते? या तीन उत्तरांनंतरच 'सहजस्पष्ट' हा शब्द वापरावा.